मायक्रोचं मिली

धंतोलीत टायरच्या दुकानावरची खोली.
कूलरला वाळ्याचा वास,
बाहेर सेहेचाळीस, कोणी सत्तेचाळीस म्हणतं,
अन् टेबलावर पत्रकाचं प्रूफ, हिरव्या कागदावर.

तिसऱ्या ओळीवर मी पेन्सिल ठेवली.
"बोरटेक शिवारात ताशी ०.१२ मिलीसीव्हर्ट!"
सर, हे मिली कुठून आलं?
यंत्र मीच धरलं होतं विहिरीच्या कठड्यावर.
ते मायक्रो होतं. कुठल्याही गावात असतं तेवढंच.
भट्टी अजून नकाशावर आहे, निळ्या पेनानं काढलेली.
आपण मोजलं ते नंतर कोणी विचारलं तर
आधीचा आकडा असावा म्हणून.

लांजेवार सर खर्रा घोटत होते,
पन्नीवर अंगठा, गोल गोल.
"राहू द्या ना मॅडम. मिली अन् मायक्रो
कोण वाचून राहिलं?
भीती पोचली म्हणजे झालं."

बावीस वर्षं मी मेडिकलच्या तळघरात काढली,
कोबाल्टच्या जाड दाराअलीकडे.
खिशावर बिल्ला.
दर तीन महिन्यांनी तो मोजायला जायचा,
माझ्या अंगात किती शिरलं त्याचा कागद यायचा
आणि मी आधी तारीख वाचायची, मग नाव,
आकडा सगळ्यात शेवटी.
हजार म्हणजे काय
ते मला तिथं कळलं.

प्रूफच्या कडेला गुणाकार मांडला.
तुमची ओळ खरी धरली तर बोरटेकची यमुना कोडापे
वर्षभर नुसती अंगणात बसली
तरी माझ्या नोकरीला बावन्न वर्षांत चाललं असतं
तेवढं घेऊन उठेल.
परवा तर ती तेंदूपत्त्याचे पुडे बांधत
आमच्या यंत्राला हसत होती,
हे काय टिकटिक करते बाप्पा, पालीवानी.

खाली लिहिलेलं, कॅन्सर दहापट.
कशाच्या दहापट?
मी घरोघरी फिरले. अकराशे वस्ती, दहा वर्षं, चार माणसं.
चारातले तिघे गालाचे.
चारावरून काही म्हणता येत नाही,
हो पण नाही, नाही पण नाही.
हे "म्हणता येत नाही"
पत्रकात कुठं बसवायचं मला सुचेना.

आणि हा फोटो, मोठ्या डोक्याचं बाळ?
"मिळाला कुठून तरी."
त्याच्या आईला विचारलं?
कूलरचा पंखा तेवढा बोलत राहिला.

मी फोटो काढला. दहापट काढलं. मिली खोडलं.
उरलं ते एवढं:
पाणी किती लागेल आणि कोणाच्या वाट्याचं,
जमीन कोणाची जाईल,
जळून उरलेलं इंधन कुठं ठेवणार, किती पिढ्या,
राखण कोण करणार.
कोराडीच्या राखेची एक ओळ मी माझ्याकडून घातली,
ती आपल्या गच्चीवर रोज पडते
अन् तिच्यावर आपण कधी पत्रक काढलं नाही.
"हे तर प्रश्नपत्रिका झाली," सर म्हणाले.
सभेला एकोणीस लोक आले.

जनसुनावणीत साहेबांनी पडद्यावर लिहून आणलं होतं,
धोका शून्य.
मी उठले. शून्य, म्हणजे
दशांशाच्या कितव्या घरापर्यंत, साहेब?
ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, लेखी देऊ.
अजून दिलेलं नाही.

जिना उतरताना सर मागून आले,
हसले, पण हसू पुरतं उघडलं नाही.
ते मी बावीस वर्षं पाहत आलेय.
सर, तोंड उघडा. बोटं घाला, उभी, एकावर एक.
तीन जायला पाहिजेत.

त्यांनी टायरच्या दुकानासमोर, भर उन्हात,
पन्नी खिशात कोंबली आणि मोजलं.

दोन.

पुन्हा मोजलं.

सोमवारी नऊला या, मी म्हणाले,
केसपेपर मी काढून ठेवते.